डी-बारा

पूर्वी कुणी पत्ता विचारला की मी सांगायचो:
रामबाग, पिठाच्या गिरणीसमोर, वर केबलचं ऑफिस.
आता फाइलवर एवढंच असतं: डी-बारा.
पाठीतला एक मणका. माझं घर तिथवर.
खालच्या मजल्यावर कोण राहतं
मला माहीत नाही.

पडलो तो काही फार उंचावरून नाही.
मल्हारगंजात, एका पत्र्यावरून,
एका म्हाताऱ्या बाईंची मालिका मधेच बंद पडली म्हणून.
पक्कड हातात तशीच होती.
लोक धावले. दोघांनी काखेत धरलं, दोघांनी पाय,
पोतं उचलतात तसं, पण मायेनं,
आणि रिक्षात वाकवून बसवलं.
आता मला माहीत आहे, तसं उचलायचं नसतं.
फळी हवी. मान नि पाठ एका रेषेत.
दार उखडा, पण फळी आणा.
त्यांना मी हे कधी सांगितलं नाही.
भेटले की अजून म्हणतात, वेळेवर पोचवलं तुला.
मी म्हणतो, हो.

डॉक्टरांना विचारलं, जोडता येईल ना?
वीस वर्षं मी तेच केलेलं:
सोलायचं, पिळायचं, टेप मारायची, चित्र परत येतं.
ते म्हणाले, बोधनकर, ही तार नव्हे.
करंगळीएवढं जाड, लोण्याहून जरासं घट्ट असं काहीतरी
हाडांच्या नळीत जपून ठेवलेलं असतं.
ते चिरडलं की सोलायला काही उरत नाही.

दीड महिना पाय गप्प.
मग एका पहाटे डावा उडाला, चादरीसकट.
आईनं पाहिलं. खजराण्याला नारळ कबूल केला
आणि अख्ख्या वॉर्डात पेढे वाटले.
फिजिओथेरपीची रेशमा मन्सूरी
पेढा हातात धरून उभी राहिली,
खावा की सांगावं, तिला कळेना.
खाल्ला. मग सांगितलं:
मावशी, हा नुसता झटका. खालचं अंग आपलं आपल्याशी बोलतंय,
वरून निरोप गेलेला नाही.
आई म्हणाली, बोलतंय ना पण?

दर दोन तासांनी कूस.
दर चार तासांनी नळी.
दर पंधरा मिनिटांनी हातांवर अंग उचलायचं,
नाहीतर बसल्या जागी मांस कुजतं, कळतही नाही.
लघवीचं वेळापत्रक पाठ झालेला माणूस फार दिवस लाजत नाही.
लाजही स्नायूच, वापरली नाही की वाळते.

बिछान्यातून खुर्चीत जायला शेवटी फळीच मिळाली.
गुळगुळीत, दोन टोकांवर टेकलेली.
मधलं अंतर चौदा इंच.
मला अकरा दिवस लागले.

मे महिन्यात गच्चीवर बसलो होतो, फरशीवर पाय टेकून.
वैजू चहा घेऊन आली, खाली पाहिलं.
पाय भाजला हे मला तिच्या चेहऱ्यावरून कळलं.
तेव्हापासून रोज रात्री आरसा: टाचा, घोटे, माकडहाड.
आरशात स्वतःची पाठ तपासणारा
आमच्या घराण्यात मी पहिलाच.

मंगळवारी मी वॉर्डात जातो. कुणी नवा असतोच.
काल एक पोरगा होता, सांवेरचा,
सोयाबीनच्या ट्रॉलीखाली सापडलेला. टाके परवा निघालेले.
त्यानं तेच विचारलं. कधी चालणार?
खोटं मी बोललो नाही. खरं मला ठाऊक नव्हतं.
विचारलं, पोहे खाल्लेस?
डबा उघडला. शेव, जिरावन. त्यानं चार घास खाल्ले.
मग डबा बाजूला ठेवून दाखवलं:
तळवे टेक, असे. कोपरं सरळ. आता वर.

तो वर आला.
जेमतेम बोटभर. त्याच्या नि गादीच्या मधे
एक बोट हवा.
किती वेळ, म्हणाला.
तीस मोज.
तो हिंदीत मोजू लागला.
उन्नीसला हात थरथरले, बसला.
माझ्याकडे न बघता
पुन्हा तळवे टेकले.